न उडणारा फ्यूज

आमच्या घरात फ्यूज उडत नाही, हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले होते की त्यात खटकण्यासारखे काही असेल, असे पन्नाशी जवळ येईपर्यंत माझ्या मनातही आले नाही. शेजाऱ्यांकडे इस्त्री आणि पाण्याचा पंप एकाच वेळी चालू झाले की अंधार होई, मग तिकडून हाक येई आणि बाबा टेस्टर, पक्कड आणि तारेचे वेटोळे घेऊन मदतीला जात. परत आल्यावर हात धुता धुता ते आईला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत, "आपलं बघ. इतक्या वर्षांत एकदा तरी फ्यूज गेलाय का?" त्यात खोटे काहीच नव्हते. फ्यूज खरोखरच गेला नव्हता. तो का गेला नव्हता हे कळण्यासाठी मात्र सबंध बोर्ड भिंतीवरून खाली उतरवावा लागला.

तो उतरवण्याचे निमित्तही फ्यूज नव्हते. गेल्या वर्षी एका रात्री घराच्या मागच्या भागातले दिवे गेले. काहीतरी सरकल्याच्या आवाजाने मी उठून बाहेर आलो, तेव्हा ऐंशीला टेकलेले बाबा स्टुलावर उभे होते. विजेरी त्यांनी दातांत धरली होती, एक हात भिंतीला टेकलेला होता आणि दुसरा बोर्डात होता. फ्यूजच्या एका टोकाचा स्क्रू सैल होऊन तिथे बारीक ठिणग्या पडत राहिल्या होत्या आणि त्या उष्णतेने तारेवरचे आवरण बोटभर करपले होते, हे नंतर समजले. त्या क्षणी मला दिसले ते एवढेच, की स्टूल डुगडुगते आहे. आई ते खालून धरून उभी होती आणि नेहमीप्रमाणे बोर्डाकडे पाहतही नव्हती. बोर्ड हा बाबांचा प्रांत होता. दाराच्या वर, मुलांचा आणि तिचा हात पोचू नये अशाच उंचीवर तो बसवलेला होता, आणि बाबा घरी नसताना विजेचे कुठे काही खुट्ट झाले तर ती मेणबत्ती लावून त्यांच्या येण्याची वाट पाहत बसे.

दुसऱ्या दिवशी मी बोर्ड बदलण्याचा विषय काढला. बाबा म्हणाले, "बोर्डाला काय धाड भरलीय? एक स्क्रू सैल झाला, आवळला, संपलं." पुढचे दोन महिने हा विषय रोज निघत होता आणि रोज त्याच वाक्याशी येऊन थांबत होता. शेवटी आईने एकदाच, आवाज न चढवता, सांगितले की ती आता स्टूल धरणार नाही. त्यानंतर वायरमनला बोलावण्यास कोणाची हरकत उरली नाही.

तो जुना बोर्ड मी इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिला तो वायरमनच्या शिडीवर चढून. जाड लाकडी फळी, तिच्यावर डाव्या हाताला लोखंडी पेटीतला मेन स्विच, त्याचा बाजूला आलेला दांडा, आणि उजवीकडे चिनी मातीच्या फ्यूजच्या दोन ओळी. फळीच्या वरच्या कडेवर मेणबत्तीचे तुकडे, काड्यापेटी आणि एक गंजलेला टेस्टर होता. फ्यूज ओढून काढताना अंगठा नेमका कुठे रुततो हे बाबांच्या अंगठ्याला ठाऊक होते. मला दोनदा प्रयत्न करावा लागला, तेव्हा तो खट्ट असा आवाज करून हातात आला. आतल्या खोबणीतून एक तार एका स्क्रूपासून दुसऱ्या स्क्रूपर्यंत गेलेली, दोन्ही टोकांना पितळेची पाती, आणि मध्ये पांढरीशुभ्र, डागही नसलेली चिनी माती. वायरमन पंचविशीचा तरुण होता. त्याने एकामागून एक सगळे फ्यूज काढून फरशीवर मांडले, त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाला, "काका, इतके स्वच्छ फ्यूज मी कधी पाहिले नाहीत."

बाबांनी ते कौतुक समजून स्वीकारले. ते कौतुक नव्हते. फ्यूजची तार वितळते तेव्हा तांब्याची वाफ होऊन आसपासच्या चिनी मातीवर तिचा काळपट, तांबूस फराटा उमटतो, आणि ज्या घरात फ्यूज आपले काम करतो त्या घरातले फ्यूज त्यामुळे मळकेच असतात. आमचे फ्यूज स्वच्छ होते, कारण त्यांत जी तार होती ती वितळणे जवळजवळ अशक्य होते.

ती फ्यूजची तार नव्हतीच. दिव्याच्या लवचीक वायरीत केसासारख्या तारांचा जो जुडगा असतो, त्यातल्या पाच-सहा तारा काढून, एकत्र पिळून बाबांनी त्या स्क्रूखाली आवळल्या होत्या. अशी एक तार साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची असते, आणि दिव्यांच्या सर्किटसाठी जी ५ अँपिअरची फ्यूजची तार विकत मिळते तिची जाडीही नेमकी तेवढीच असते. म्हणजे एक तार घातली असती तर काम चोख झाले असते. विल्यम प्रीस या ब्रिटिश अभियंत्याने १८८० च्या दशकात तारेची जाडी आणि ती वितळवणारा प्रवाह यांचा जो नियम मांडला, त्यानुसार ०.२ मिलिमीटरची तांब्याची तार सुमारे ७ अँपिअरला वितळते. सहा तारा एकत्र म्हटल्यावर हा आकडा चाळिशीच्या घरात जातो. आणि त्या फ्यूजच्या पुढे भिंतीतून जी वायर गेली होती, ती सतत १५ अँपिअरच्या आसपास सोसेल एवढीच होती. त्या वायरीतून तिला सोसेल त्याच्या दुप्पट प्रवाह तासन्‌तास गेला असता तरी फ्यूज शांत राहिला असता. भिंतीच्या आत आवरण मऊ पडले असते, मग करपले असते, आणि वर चिनी माती तशीच पांढरी राहिली असती.

फ्यूज टीव्हीला किंवा फ्रिजला वाचवण्यासाठी असतो, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. बोर्डावरचा फ्यूज राखण करतो ती मुख्यतः भिंतीतल्या वायरीची. संपूर्ण मार्गात मुद्दाम एक जागा सर्वांत दुबळी ठेवायची आणि ती डोळ्यांसमोर, हाताशी, चिनी मातीच्या कोंदणात ठेवायची, म्हणजे जळायचेच असेल तर तिथे जळेल, ही मूळ कल्पना. एडिसनने १८९० मध्ये फ्यूजचे पेटंट घेतले. त्याच्याही आधी तारायंत्राच्या वाहिन्यांना विजेच्या लोळापासून वाचवण्यासाठी बारीक तारेचा तुकडा मध्ये घालण्याची पद्धत होती. इतकी साधी, इतकी प्रामाणिक युक्ती मला क्वचितच माहीत आहे. पण तिचे सारे शहाणपण त्या दुबळेपणात आहे, आणि दुबळेपणा दिसला की तो दुरुस्त करावा असे माणसाला वाटतेच.

बाबा बेफिकीर नव्हते. हे मी त्यांचा मुलगा म्हणून सांगत नाही. त्या तारांच्या पिळात एकसुद्धा तार सुटलेली नव्हती, टोके स्क्रूच्या फिरण्याच्या दिशेनेच गुंडाळलेली होती. मी विचारले तेव्हा त्यांना पहिली वेळ बरोबर आठवली. आम्ही लहान होतो, रात्रीची वेळ होती, फ्यूजची तार संपली होती, आणि त्यांनी टेबललॅम्पच्या वायरीचा बोटभर तुकडा कापून त्यातल्या दोन तारा घातल्या. त्या टिकल्या. पुढे केव्हातरी इस्त्री आली तेव्हा दोनाच्या तीन झाल्या, फ्रिज आला तेव्हा चार. प्रत्येक वेळी कारण होते, प्रत्येक वेळी दिवे लागले, आणि दिवे लागले म्हणजे काम बरोबर झाले, याहून वेगळा पुरावा त्यांच्याकडे मागितला होता कोणी? वरच्या मजल्याच्या फ्यूजमध्ये सहा तारा का, हे मात्र त्यांनाही सांगता आले नाही.

आणखी एक गोष्ट त्या बोर्डात होती, जिचा बाबांना विशेष अभिमान होता. फ्यूजच्या दोन ओळी होत्या, एक फेजची, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीची, आणि एक न्यूट्रलची, म्हणजे ती परत नेणाऱ्या वायरीची. दोन्हीकडे फ्यूज म्हणजे दुप्पट सुरक्षा, असे ते सांगत, आणि एके काळी वायरिंगची ती सर्रास चालणारी पद्धतही होती. पण न्यूट्रलचा फ्यूज आधी वितळला तर दिवा विझतो, पंखा थांबतो, आणि फेज मात्र त्या विझलेल्या दिव्यापर्यंत जिवंत उभी असते. माणूस दिवा गेला असे समजून हात घालतो. म्हणून न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज ठेवायचा नाही, असे आता शिकवले जाते. हे वायरमनने सांगितले तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटले की काहीतरी जुने त्यांच्या मनात हलले आहे. ते काय होते हे दोन दिवसांनी कळले.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम एका दिवसात झाले आणि त्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. मीटरच्या आधीचा पुरवठा आपण तोडायचा नसतो, त्याचे सील ज्यांचे त्यांनीच काढायचे असते, म्हणून आधी अर्ज करावा लागला. जुन्या मेन स्विचच्या झाकणाआड पांढुरक्या, जाड कापडासारख्या पट्ट्या निघाल्या, त्या पाहताच वायरमनने तोंडाला मुसके बांधले, त्या खरवडल्या नाहीत, पाणी शिंपडून अलगद काढून दुहेरी पिशवीत बांधल्या. त्या काळी ठिणगी अडवण्यासाठी असे ॲस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई. बोर्डाच्या मागच्या काही वायरींवरचे रबर इतके वाळले होते की वाकवताच त्याचे टवके पडत. मग मेगर लावून प्रत्येक सर्किटचे इन्सुलेशन मोजले गेले. मेगर वायरीवर ५०० व्होल्ट सोडतो आणि गळती किती होते ते पाहतो. अवरोध निदान १ मेगओहम यायला हवा. चार सर्किटे पास झाली, एक झाले नाही, आणि ज्या रात्री स्क्रू सैल होऊन दिवे गेले होते तेच ते निघाले. त्याची वायर नवी ओढावी लागली.

नवी डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारी पेटी, भिंतीत बसली, डोळ्यांच्या उंचीला. पत्र्याची पेटी, वर झाकण, आत एका रुळावर ओळीने बसलेल्या एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारे स्विच, मागे त्यांना जोडणारी तांब्याची फणी, जिला बसबार म्हणतात, आणि डाव्या टोकाला मुख्य स्विच. बाबांनी ती बोटाने वाजवून पाहिली आणि म्हणाले, "खेळण्यासारखी दिसते."

खेळण्याच्या आत काय असते ते पाहण्याची मला उत्सुकता होती. वायरमनच्या पिशवीत एक जळालेली एमसीबी होती, ती मागून घेतली आणि बाबांच्याच छिन्नीने तिची चार रिव्हेटे तोडून ती पुस्तकासारखी उघडली. काडेपेटीहून जराशीच मोठी अशा त्या जागेत मला दोन वेगळे पहारेकरी दिसले. एक होती दोन धातूंची एकत्र चिकटवलेली छोटी पट्टी: प्रवाह थोडासाच जास्त असेल तर ती तापते, दोन धातू सारखे फुगत नसल्यामुळे वाकते, आणि वाकता वाकता खिटी ढकलते. ही पट्टी संथ आहे आणि तिने संथच असले पाहिजे. १६ अँपिअरच्या एमसीबीतून १८ अँपिअर गेले तर तिने तासभर गप्प राहायचे, २३ च्या वर गेले तर तासाच्या आत पडायचे, असे तिचे मानक आहे. दुसरा पहारेकरी म्हणजे जाड तारेच्या काही वेढ्यांची गुंडाळी. फेज आणि न्यूट्रल एकमेकींना चिकटल्या आणि प्रवाह एकदम शेकड्यांत गेला, तर तापण्याची वाट पाहण्यास वेळ नसतो. तेव्हा त्या वेढ्यांत चुंबकत्व येऊन आतला खिळा सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास खिटी उडवतो. सी जातीच्या एमसीबीत हे पाच ते दहा पट प्रवाहाला होते, बी जातीच्या तीन ते पाच पटीला. मोटर सुरू होताना क्षणभर जो हिसका घेते त्याने उगाच पडू नये म्हणून ही निवड करायची असते. आणि शेजारी, कंगव्यासारखी, पातळ पत्र्यांची एक चळत होती. संपर्क सुटताना जी ठिणगी ताणली जाते तिचे तुकडे करून तिला थंड करण्यासाठी ती चळत असते. या उपकरणाचे पेटंट जर्मनीत ह्यूगो श्टोट्झ यांनी १९२४ मध्ये घेतले, म्हणजे ते बाबांहून वयाने मोठे आहे. हे मी त्यांना सांगितल्यावर त्यांनी खेळणे हा शब्द मागे घेतला नाही, पण उघडलेली एमसीबी मात्र भिंग लावून बराच वेळ पाहिली आणि नंतर ती माझ्याकडे परत आली नाही.

डीबीत एमसीबींखेरीज आणखी दोन रुंद तुकडे होते, प्रत्येकावर एक छोटे बटण आणि त्यावर टी हे अक्षर. या आरसीसीबी. वायरीला वाचवणे हे यांचे काम नव्हे. त्या माणसासाठी असतात. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा, एवढा एकच हिशेब त्या मांडतात. दोन्ही वायरी एका लोखंडी कड्यातून जातात. जाणारे आणि येणारे सारखे असले तर एकमेकांचे चुंबकत्व पुसले जाते, आणि फरक पडला, म्हणजे थोडा प्रवाह कोणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला, तर कडे जागे होते. घरात हा फरक ३० मिलिअँपिअर झाला की त्या पडल्याच पाहिजेत, १५ च्या आत पडता कामा नयेत. हा आकडा हवेतून आलेला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी माणसांवर प्रयोग करून, पकडलेली विद्युतवाहक वस्तू किती प्रवाहापर्यंत माणूस स्वतःहून सोडू शकतो हे मोजले होते. पुरुषांची सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर आली, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. प्रवाह आणखी वाढला आणि टिकला तर हृदयाचा ठोका विस्कटतो, म्हणून किती प्रवाहाला आणि किती लवकर हे दोन्ही महत्त्वाचे. आमच्या जुन्या बोर्डातल्या ५ अँपिअरच्या फ्यूजला, तो खरोखर ५ अँपिअरचा असता तरी, माणूस चिकटला आहे हे कधीच कळले नसते. माणसाला मारण्यास लागणारा प्रवाह आणि फ्यूज वितळवण्यास लागणारा प्रवाह यांत शंभर पटीहून अधिक अंतर आहे. उलट आरसीसीबीलाही एक गोष्ट कळत नाही: एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरणारा माणूस तिला दिव्यासारखाच दिसतो, कारण हिशेब बरोबर जुळतो.

अर्धे घर एका आरसीसीबीवर, अर्धे दुसऱ्यावर, अशी वाटणी केली होती, म्हणजे खाली बिघाड झाला तरी वर अंधार होऊ नये. संध्याकाळी वायरमन गेला. रात्री आईने जिन्यातला दिवा लावला आणि दोन्ही आरसीसीबी एकदम पडल्या.

त्या अंधारात बाबांचा आवाज आला, त्यात काळजी अजिबात नव्हती. "आपल्या घरात इतक्या वर्षांत..." असे म्हणून ते थांबले, कारण पुढचे सर्वांना पाठ होते.

आम्ही चार वेळा प्रयोग केला. बाकी सर्व घर व्यवस्थित चाले. जिन्यातला दिवा लावला की धाडकन सगळे बंद. तो दिवा अवघा ९ वॉटचा एलईडी. सकाळी वायरमन आला, त्याने जिन्याच्या दोन्ही टोकांचे स्विच उघडले, पाच मिनिटे वायरी चाचपल्या आणि हसला. ज्याने कोणी ते वायरिंग केले होते त्याने जिन्यातल्या दिव्याला फेज खालच्या सर्किटमधून दिली होती, आणि न्यूट्रल, वायर वाचावी म्हणून, वरच्या खोलीतून ओढली होती. या प्रकाराला उसनी न्यूट्रल म्हणायला हरकत नाही. खालच्या आरसीसीबीच्या हिशेबात ४० मिलिअँपिअर गेले आणि परत आलेच नाहीत. वरचीच्या हिशेबात कधी न गेलेले ४० मिलिअँपिअर परत आले. दोघींनी आपापल्या वहीप्रमाणे योग्य तेच केले. जुन्या बोर्डात हा घोटाळा पहिल्या दिवसापासून होता, आणि तो विचारणारेच तिथे कोणी नव्हते.

बाबांनी हे सर्व ऐकून घेतले आणि मग एक प्रश्न विचारला, जो मला सुचला नव्हता. "म्हणजे वरचा न्यूट्रलचा फ्यूज काढला, आणि जिन्याचा स्विच चालू राहिला, तर वरच्या न्यूट्रलमध्ये काय असेल?"

वायरमन म्हणाला, "दिव्यातून येणारी फेज असेल, काका. वरची न्यूट्रल सगळी जिवंत होईल. आणि जिन्यातला दिवा लागणारही नाही, कारण परतीची वाट तुटलेली."

आमच्या घरात एक गोष्ट पाहुण्यांना हमखास सांगितली जाई. बाबा एकदा वरच्या खोलीतला पंखा दुरुस्त करत होते. फेजचा आणि न्यूट्रलचा असे दोन्ही फ्यूज काढून त्यांनी खिशात ठेवले होते, आणि तरीही त्यांना असा झटका बसला की ते स्टुलावरून थेट पलंगावर पडले. वायरीत उरलेला करंट, असे ते सांगत, आणि खिशावर हात मारून ते दोन फ्यूज वाजवण्याचा अभिनय करत, की सगळे हसत. मीही कित्येकदा हसलो आहे. न्यूट्रलचा फ्यूज त्यांनी जागेवर ठेवला असता तर कदाचित काहीच झाले नसते. दुप्पट सुरक्षेसाठी तो काढला, म्हणूनच ती वायर जिवंत झाली. त्या सकाळी बाबा जिन्याच्या पायरीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि बराच वेळ त्या उघड्या स्विचकडे पाहत राहिले. त्यानंतर ती गोष्ट त्यांनी कोणाला सांगितल्याचे मी ऐकलेले नाही.

बाबांचे आक्षेप मात्र संपले नाहीत, आणि ते सगळेच टाकाऊ आहेत असे मला वाटत नाही. फ्यूज बिघडला तर बोटभर तारेत तो पुन्हा उभा राहतो. एमसीबी बिघडली तर ती फेकून द्यावी लागते. शिवाय एमसीबीत स्प्रिंग आहे, खिटी आहे, वंगण आहे, आणि जिथे हलणारे भाग आहेत तिथे ते अडकू शकतात. तार वितळते तेव्हा तिला अडकण्यासारखे काहीच नसते. हे तर्काला धरून आहे, आणि पुरवठ्याच्या मुख्य टोकाला, मीटरच्याही आधी, वाळू भरलेला बंद नळीचा फ्यूज आजही वापरतात, त्यामागचे हेही एक कारण. फरक असा की त्या नळीत कोणाला सहा तारा पिळून घालता येत नाहीत. नव्या पेटीचीही कुरकुर असते: चार्जर, संगणक, वॉशिंग मशीन यांतून प्रत्येकी एखादा मिलिअँपिअर अर्थिंगमध्ये झिरपतच असतो, त्यांची बेरीज झाली की एखादे दिवशी काहीही बिघडलेले नसताना आरसीसीबी पडते. महिन्याभराने वायरमनने पुन्हा येऊन सगळे स्क्रू आवळले, दोन तर पाव आटा फिरले. आणि टीचे बटण अधूनमधून दाबावेच लागते, कारण ते आतल्या कड्याला चुकवून थोडा प्रवाह खोटाच गळवते आणि खिटी अजून मोकळी आहे ना, एवढे पाहते. न दाबता वर्षे गेली तर ती खिटी जागेवरच आळसावते.

बटण दाबण्याचे काम आईकडे गेले. कोणी दिले नाही, तिनेच घेतले. पेटी तिच्या डोळ्यांच्या उंचीला होती एवढेच. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती आधी घरभर सांगे की दिवे जाणार आहेत, मग झाकण उघडून बटण दाबे, आणि खट्ट झाल्यावर थोडी मागे सरके. झाकणाच्या आतली नावांची पट्टीही तिने लिहिली. बाबांनी जुन्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेली नावे उतरवून घ्यावीत असे मी सुचवले होते, पण त्यातले "मागची खोली" म्हणजे आताचे न्हाणीघर होते आणि "रेडिओ" म्हणजे काय हे कोणालाच सांगता येईना, तेव्हा तिने एकेक एमसीबी खाली करून, घरभर फिरून, काय बंद पडले ते स्वतः पाहून लिहिले. तिला त्यासाठी दुपार लागली.

गेल्या महिन्यात मी बाहेरगावी असताना सकाळी तिचा फोन आला. इतर सगळे बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, "रात्री खालची मोठी पडली होती."

मी विचारले, "मग? वायरमनला बोलावलंस?"

"रात्री दोनला कोण येतंय? आधी तिच्या ओळीतल्या सगळ्या खाली केल्या, मोठी वर केली, मग एकेक वर करत गेले. तिसरीला पुन्हा पडली. तिसरी म्हणजे गीझर. त्याचं बटण बंद केलं, मग राहिल्या सगळ्या वर. आज तो येऊन बघणारे, म्हणाला कॉइलमध्ये ओल गेली असेल."

"आणि बाबा?"

"झोपले होते," ती म्हणाली. "ह्यांना उठवलं नाही."